भोक पाडलेल्या गुंजा

मी शाळेत चौथीपर्यंत शिकलो, बाकीचं सगळं बाजारात. वडील लवकर गेले. सोळाव्या वर्षी डोक्यावर पत्र्याची पेटी घेतली आणि मालवणच्या आजूबाजूची गावं पायी फिरायला लागलो. पेटीत सुया, दोरे, रिबिनी, फण्या, काचेचे मणी, कुंकू, शेंदूर. खाड्या तरीतून ओलांडायच्या, तिथेही तरवाल्याशी घासाघीस करायची. बारा वर्षांनी गावच्या बाजारात स्वतःचं दुकान टाकलं, कुणाचा एक पैसा न घेता. मला भाव पाडून मागितलेला सहन होत नसे. डोकं तापायचं आणि तोंडाला येईल ते बोलून जायचो. लोक म्हणायचे, ह्याच्या दुकानात जाताना पोट भरून जावं, कारण बाहेर पडायला वेळ लागतो. मला ते ऐकून बरं वाटायचं.

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता आणि नवे पैसे नुकतेच आले होते. सरकारने गावोगाव बालवाड्या काढायला सुरुवात केली होती. आमच्या गावची बालवाडी देवळामागच्या एका मांगरात भरायची. गवताने शाकारलेला, शेणाने सारवलेला तो मांगर आधी नांगर-जू ठेवायला होता. बालवाडीच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे गावातले एक निवृत्त मास्तर. बाई मात्र घाटावरून आलेल्या. वीस-बावीस वर्षांच्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या.

माझी मुलगी पहिल्या दिवसापासून तिथे जायला लागली. चार वर्षांची होती. तिला रिबिनीचं टोक चावायची सवय होती. दोन्ही वेण्यांच्या रिबिनी खालून ओल्या असायच्या. तिची आई ओरडायची आणि मी दुकानातून नवी रिबीन आणून द्यायचो. गावात मी एकाच माणसाला वस्तू फुकट देत असे.

बाईंची एक रीत होती. मुलांच्या हातात जे द्यायचं ते आधी स्वतःच्या गालाला लावून बघायच्या. करवंटी असो, शिंपला असो, सुपारीच्या झाडाची गळलेली पोय असो. टोचलं की दगडावर घासून गुळगुळीत करायच्या. चित्रं रंगवायला हळद, चुना, काव एवढंच. एकदा मास्तर माझ्याकडून शेंदराची पुडी घेऊन गेले, तर बाईंनी ती परत पाठवली. पोटात गेला तर बरा नाही, म्हणाल्या. गावभर हसू झालं. मीही हसलो. आमचे देव शेंदरात न्हातात आणि हिला शेंदूर बाधतो!

एके दिवशी मास्तर आणि बाई दुकानात आले. तालुक्याचे साहेब बालवाडी बघायला येणार होते. मुलांना मणी ओवायला शिकवायचं, त्यांनी स्वतः ओवलेल्या माळा घालून उभं राहायचं, असा बाईंचा बेत होता. मी काचेच्या मोठ्या मण्यांचा डबा काढला. बाईंनी एक मणी उचलून गालाला लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. मी भाव सांगितला. मास्तरांनी निम्मा मागितला.

"मास्तरानू, ह्यो मुंबयचो माल."

"मुंबयचो असो नायतर लंडनचो. पोरां काय लग्नाक जातत मणी घालून?"

"मग पोरांच्या गळ्यात दोरये बांधा. सुंभ देव? सुंभ स्वस्त आसा."

"रे शेटा, तू काल परवा पेटी घेवन फिरत होतंस. इतको माज बरो नाय."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. पेटीचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. मी मण्यांच्या डब्याचं झाकण आपटून बंद केलं.

"तर मग डोंगरार जावा! गुंजा गोळा करा आणि ओवा. देवान फुकट दिल्यानी हत."

मी रागाने बोललो होतो. मास्तरांनी मात्र ते उचललं.

"वा रे वा! ह्यां पयलां कित्या सांगूक नाय? साहेब पण खूश जातले. हयसरचो माल, खर्च नाय." मग थांबून म्हणाले, "पण भोकां कोण पाडतलो?"

इथे माझ्यातला व्यापारी जागा झाला. राग बाजूला ठेवून मी म्हणालो, "भोकां मी पाडून देतंय. गुंजा फुकट, भोकाचे पैसे."

मी घासाघीस जिंकलो होतो. गिऱ्हाइकं हसली. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. माझ्याकडे सोनाराच्या वजनाच्या गुंजा होत्या, त्यातली एक त्यांनी उचलली, गालाला लावली आणि विचारलं, "भाऊ, ही मुलांच्या हातात द्यायला चालते ना? चुकून तोंडात घातली तर?"

मी आणि मास्तर एकमेकांकडे बघून हसलो.

"बायनू, हयसर प्रत्येकाच्या पोटातसून एक तरी गुंज जावन इली हा. मास्तरांच्यासुद्धा."

हे खोटं नव्हतं. आमच्याकडे कुंपणावर गुंजेचे वेल असतात. शेंगा तडकल्या की लाल-काळे दाणे डोळ्यांसारखे बघतात. आम्ही सगळ्यांनीच लहानपणी पैजेवर ते गिळले होते आणि दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे बाहेर पडलेले बघून हसलो होतो. बाई परक्या मुलखातल्या म्हणून त्यांना शंका आली. आम्ही गुंजेबरोबर वाढलेले, म्हणून आम्हाला आली नाही.

गुंज दगडासारखी टणक. मी त्या तीन दिवस पाण्यात भिजत ठेवल्या, फुगून मऊ झाल्यावर दाभणाने आरपार टोचायच्या. सुरुवातीच्या मूठभर मी टोचल्या. मग दुकान सोडून बसायला वेळ नव्हता, म्हणून बाकीच्या बायकोला टोचायला दिल्या. दुसऱ्या दिवशी दाभण तिच्या अंगठ्याशेजारच्या बोटात घुसलं. संध्याकाळपर्यंत बोट टम्म सुजलं, लालभडक झालं. तिला ताप भरला.

"ह्या गुंजांत काय तरी वायट आसा," ती म्हणाली.

"गुंजांत नाय, दाभणाक गंज आसा," मी म्हणालो. "हळद लाव आणि गप रव."

तिने हळद लावली आणि दुसऱ्या हाताने दाभण धरून उरलेल्या टोचल्या. मी कबूल केलेला दिवस चुकवत नसे, हे तिला माहीत होतं.

साहेब आले तो दिवस छान झाला. मुलं ओळीत उभी राहिली. प्रत्येकाच्या गळ्यात स्वतः ओवलेली माळ. साहेबांनी माझ्या मुलीची माळ हातात घेऊन बघितली. "खर्च नाही, साहित्य इथलंच. इतर बालवाड्यांनीही हे करायला हवं," असं म्हणाले आणि कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. मास्तर फुलून गेले. बाई एरवी सगळं सामान संपल्यावर डब्यात मोजून ठेवायच्या. त्यांनी माळा काढून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा साहेब म्हणाले, "असू द्या हो, आज घरी नेऊ दे मुलांना." बाई घुटमळल्या. मास्तरांनी डोळे वटारले. मी दारात उभा होतो, मीही म्हणालो, "न्हेव द्या, बायनू." माझ्या मुलीच्या गळ्यातली माळ सगळ्या बाजाराने बघावी असं मला वाटत होतं.

ती दुपारभर दुकानाच्या पायरीवर बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला माळ दाखवायची आणि कुणी नसलं की तिचं टोक तोंडात घालायची. मी बघत होतो. रिबिनीपेक्षा बरं, एवढंच माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब, मग जुलाबात रक्त. पहिल्यांदा वाटलं, बाधलं काहीतरी. आदल्या दिवशीचं बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण तिने सकाळी पेजेबरोबर खाल्लं होतं. आमच्याकडे ते शिळंच चांगलं लागतं, सगळेच खातात. दवाखान्यातून औषध आणलं, ते पोटात ठरलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गावातल्या म्हाताऱ्या वैद्यांना घेऊन आलो. त्यांनी उलटीचं भांडं उन्हात नेऊन बघितलं, काडीने काहीतरी बाजूला केलं आणि मला घरापुढच्या खळ्याच्या कडेला बोलावलं. काडीच्या टोकावर लाल सालीचा कणीएवढा तुकडा होता.

"गुंज खाल्ल्यान?"

"गुंज जाता ना पोटातसून," मी म्हणालो.

"अखंड जाता. तिच्यार कवची आसता, चिलखतासारखी. फोडलेली, टोचलेली गुंज जायत नाय रे. गुरांक सुदीक मारता ती."

मी घरात गेलो. माळ खुंटीला होती. टोकाकडचे दाणे चघळून चपटे झाले होते आणि मधे नुसता दोरा दिसत होता. बायको मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिचं बोट अजून चिंधीत होतं. निम्म्याहून जास्त भोकं तिनेच पाडलेली. मी तिला काय सांगणार? मी माळ खिशात टाकली.

मुलगी दुपारी गेली.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. "माळ कुठे आहे?" एवढंच त्यांनी हळूच विचारलं. मी खिशातून काढून दाखवली. मधल्या मोकळ्या दोऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग दोन दिवस त्या घरोघरी फिरत होत्या. माळा मागत होत्या, बदल्यात स्वतःच्या पैशांनी आणलेली चिक्की देत होत्या. लोकांनी माळा दिल्या आणि मागून हसले. त्या सगळ्या माळा फडक्यात बांधून त्या माझ्या दुकानात आल्या.

"भाऊ, तालुक्याला कळवायला हवं. साहेब हे सगळीकडे करायला सांगणार आहेत. माझं कुणी ऐकत नाही. तुम्ही वडील आहात, तुमचं ऐकतील. मी चुकले असंही लिहा. माझी नोकरी गेली तरी चालेल."

मी काय केलं? दुकानाबाहेर येऊन भर बाजारात ओरडलो. "तुमच्या बालवाडीत गेली माझी पोरगी! तुमका पोरां सांभाळूक येत नाय आणि माका लिवक सांगतास?" त्या उभ्या राहिल्या, ऐकून घेतलं आणि फडकं छातीशी धरून गेल्या. त्यांनी दुकानात गुंज हातात घेऊन विचारलेला प्रश्न सगळ्यात आधी मला आठवत होता, म्हणूनच मी इतका मोठ्याने ओरडलो.

आठव्या दिवशी मास्तर घरी आले. पडवीत बसले, पाणी प्यायले. बायको आत होती. त्यांनी आवाज खाली आणला.

"साहेबांनी चौकशीक बोलावल्यान हा. बालवाडीत झाला असा निघाला तर बालवाडी बंद पडतली. आणि मग ह्यां पण इचारतले, गुंजांक भोकां कोणी पाडली? घरात कोणाक किती सोसवतला, तुच बघ."

"मग?"

"शिळा खाणा बाधला. खोटा काय त्यात? खाल्ल्यान होता ना? तू गुंजांचा नाव काढू नको, आमी दुकानाचा काढणव नाय."

आयुष्यात मी हजारो सौदे केले. हा एकच असा की ज्यात मी एका शब्दाची घासाघीस केली नाही. चौकशीत साहेबांनी विचारलं, "मुलीने घरी काय खाल्लं होतं?" मी शुद्ध मराठीत उत्तर दिलं, "शिळं माशांचं कालवण, साहेब." कारकुनाने लिहून घेतलं. मी खाली सही केली. मास्तरांनी साक्षीदार म्हणून केली.

गावात ते पसरायला दोन दिवस लागले. विहिरीवर बायका बायकोला म्हणाल्या, "कशाक गो घातलंस शिळा पोराक?" ती घागर घेऊन घरी आली आणि कामाला लागली. बाईंची महिन्याभरात बदली झाली. मुलांवर लक्ष नाही, असा शेरा मारला म्हणे. वैद्य पुढच्या पावसाळ्यात वारले. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

मास्तरांशी मी त्यानंतर बोललो नाही. ते रस्त्याने आले की मी दुकानात पाठ फिरवून बसायचो. ज्याच्या-त्याच्याजवळ सांगायचो, ह्या माणसाने मण्यांचे चार पैसे वाचवले म्हणून माझं घर बसलं. पुरता कुणाला अर्थ कळत नसे, पण माझी बाजू घ्यायचे. ते म्हणणं खोटं नव्हतं. आजही मी ते मागे घेत नाही. पण तेवढंच म्हणून मी सात वर्षं काढली.

त्या सात वर्षांत आमच्या घरात एक गोष्ट रोज घडायची. संध्याकाळी बायको उरलंसुरलं सगळं माडाच्या मुळात ओतून द्यायची. कालवण, भात, पेज, काहीही. कितीही चांगलं असो, शिळं म्हणून एक घास राहिला नाही. मी कष्टाने वर आलेला माणूस, अन्न टाकलेलं मला बघवायचं नाही. मी ओरडायचो, "माडाक जेवण घालतंस? माड काय तुका पोसतलो?" ती भांडं विसळायची आणि आत जायची. ती असं का करते, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. किंवा विचारलं असेल आणि उत्तराच्या आधीच ओरडलो असेन.

मग एकदा पेटीत घाऊक मालाचे नमुने घेऊन, दुकानांना दाखवायला मिठबावला गेलो होतो. एका दुकानाला लागूनच घराच्या पडवीत बालवाडी भरली होती. मुलांचा आवाज आला म्हणून डोकावलो. ताटात पाण्यात भिजवलेल्या गुंजा होत्या. चार-पाच मुलं दोऱ्यात गुंजा ओवत होती. भिंतीवर माळा टांगलेल्या. तिथली बाई त्याच भागातली, विशीतली मुलगी. हातात दाभण. आणि तिच्या बोटाला चिंधी बांधलेली.

मी दारातच बसलो.

"काय झाला काका? पाणी देव?"

"ह्या गुंजांचा तुका कोणी सांगल्यान?"

"तालुक्यात प्रशिक्षण होता, थयसर. चांगला दिसता ना? खर्च नाय."

"पोरांच्या हातात देव नको. काढून घे."

ती हसली. "काका, तुमी खयचे? हयसर प्रत्येकाच्या पोटातसून एक तरी गुंज जावन इली हा."

माझंच वाक्य, शब्दाला शब्द. एक लहान मुलगी ओवता ओवता दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करत होती. मी पेटी उघडली, काचेचे मणी ताटाशेजारी ओतले, म्हणालो, हे घे आणि ते दे. तिला वाटलं, काहीतरी विकायला आलाय. "माका पैसे मंजूर नाय होवचे, काका." मी म्हणालो, फुकट. तिचा संशय आणखी वाढला. फुकट देणाऱ्या दुकानदारावर कोण विश्वास ठेवील? मी ठेवला नसता.

तेव्हा माझ्याजवळ एकच गोष्ट उरली, आणि ती मी सात वर्षांत कुणालाही दिली नव्हती.

"बाय, अखंड गुंज पोटातसून जाता. टोचलेली जायत नाय. माझा चेडू चार वर्सांचा होता. माळ चावल्यान आणि तिसऱ्या दिसाक गेला. ती गुंज मी टोचून घेतलंय. माझ्या घरकारणीचा बोट तुझ्यासारखाच सुजला होता."

तिने स्वतःच्या बोटाकडे बघितलं. मग आधी त्या लहान मुलीच्या तोंडात बोट घालून बघितलं, मग सगळ्यांच्या. ताट उचललं, भिंतीवरच्या माळा काढल्या आणि सगळं माझ्या फडक्यात बांधून दिलं.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बायको खळ्यात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. मी गाठोडं तिच्यासमोर सोडलं.

"ह्या खयसून?"

मी सांगितलं. वैद्यांनी काडीवर दाखवलेली साल, माझ्या खिशातली माळ, पडवीतले मास्तर, तालुक्यातली सही. एका दमात सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. ती सुपातल्या तांदळाकडे बघत होती.

"म्हणजे कालवण नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"तुमका तेवाच म्हायत होता."

"होय."

मग तिने आपलं बोट उन्हात धरून बघितलं. त्या बोटाचं नख तेव्हापासून वाकडंच वाढायचं.

"मी म्हटलंय होता, ह्यात काय तरी वायट आसा. तुमी म्हटलात, गंज."

"होय."

"भोकां तर मी पाडलंय."

"पाडूक मी सांगलंय. त्या बायन इचारल्यान, तेका पण मीच हसलंय."

ती उठली, गाठोडं आत नेलं आणि चुलीत घातलं. गुंजा तडतडल्या. बाहेर येऊन तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि तांदूळ निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेलो. अर्ज लिहून नेला होता, स्वतःच्या हाताने, मास्तरांचं नाव न घालता. मुलीने बालवाडीच्या माळेतल्या टोचलेल्या गुंजा चावल्या, त्या मी पुरवल्या होत्या, कुठल्याही मुलाच्या हातात त्या देऊ नयेत, घरच्या अन्नाचा दोष नव्हता. साहेब बदलून गेले होते. कारकुनाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "ठेवून जा," म्हणाला. त्याचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. त्या बाई कुठे बदलून गेल्या, तेही चौकशी करून कळलं नाही.

त्या संध्याकाळी बायकोने बांगड्याचं कालवण केलं होतं, तिरफळ घालून. सात वर्षांनी पहिल्यांदा. आम्ही दोघं जेवलो. भांड्यात बरंच उरलं. मी बघत बसलो होतो. ती भांडं घेऊन उठली, मागच्या दारी गेली आणि सवयीने सगळं माडाच्या मुळात ओतलं. मग रिकामं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

मी ओरडलो नाही. नंतर कधीच ओरडलो नाही. ती होती तोवर ते ओतणं चालूच राहिलं.